वेगळे ताट

आमच्या महाविद्यालयात दर वर्षी रक्तदान शिबिर भरते. रक्तपेढीची मंडळी सभागृहात खाटा मांडतात, मुलांची दाटी होते, आणि माझ्यासारख्या इतिहास शिकवणाऱ्या माणसाकडे अर्ज भरून घेण्याचे बिनधोक काम येते. अर्जावर प्रश्नांची लांबलचक यादी असते. कावीळ झाली होती काय, अंगावर गोंदवून घेतले आहे काय, एक ना दोन. मुले भराभर ‘नाही, नाही’ अशा खुणा करून मोकळी होतात. दोन वर्षांपूर्वी मात्र एक मुलगा त्या यादीपाशी अडला. “सुई नवीनच असते ना, सर?” त्याने विचारले. मी म्हटले, “अरे, तुझ्यासमोर पाकीट फोडतात. एकदा वापरली की टाकून देतात.” तरी तो हलेना. गर्दी ओसरल्यावर खुर्ची जवळ ओढून बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “आमच्या काकांना एच.आय.व्ही. आहे. त्यांचं ताट-वाटी आम्ही वेगळं ठेवतो. आई ती भांडी वेगळी घासते. धाकटीला त्यांच्या खोलीत जाऊ देत नाहीत. हे बरोबरच आहे ना, सर?”

बरोबर नाही, एवढे मला ठाऊक होते. पण का नाही, हे त्याला पटेल अशा रीतीने सांगता येईना. ‘डॉक्टर तसे सांगतात’ असे काहीतरी मी पुटपुटलो. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. नंतर एका डॉक्टर स्नेह्याकडे चार-सहा संध्याकाळी जाऊन बसलो, काही पुस्तके चाळली. त्या मुलाला तेव्हा जे सांगावयास हवे होते, ते आज तुम्हांला सांगतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. एच.आय.व्ही. हे विषाणूचे नाव; आणि त्या विषाणूने शरीर आतून पोखरून टाकल्यावर जी अवस्था येते, तिचे नाव एड्स. दोन्ही एकच नव्हेत. विषाणू अंगात असूनही माणूस वर्षानुवर्षे धडधाकट हिंडत असतो. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना एक विचित्र न्यूमोनिया झाल्याचे टिपण प्रसिद्ध झाले. एरवी निरोगी माणसाला तो न्यूमोनिया होत नसे. यामागचा विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हाती लागला. आपल्या देशात तो आहे हे १९८६ साली मद्रासला उघड झाले, ते डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी केलेल्या रक्ततपासणीतून. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. हा रोग आपल्याकडे नाहीच, ती परदेशी लोकांची भानगड, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते.

आता हा विषाणू करतो काय, ते पाहू. शरीराच्या रक्षणाची व्यवस्था एखाद्या जुन्या गावासारखी आहे असे समजा. कातडी ही तटबंदी. वेशीवर जागले आहेत, ते अनोळखी माणसाला हटकतात. चोर घुसलाच तर लाठ्याकाठ्या घेऊन धावणारे गडी आहेत. पण चोर आला आहे, दवंडी पिटा, तुम्ही नदीकडे जा, तुम्ही देवळाकडे जा, हे सांगणारा एक माणूस चावडीवर लागतो. तो स्वतः लाठी उचलत नाही. पण तो नसेल तर गडी नुसतेच इकडून तिकडे पळतात. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये या चावडीवरच्या माणसाचे काम करणारी एक जात आहे. तिला मदतनीस टी पेशी म्हणतात. दवाखान्यात ‘सीडी फोर’ हा शब्द ऐकू येतो तो तिच्याबद्दलच. तिची खूण मिळाल्याखेरीज प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी नीट कामाला लागत नाहीत, आणि रोगट पेशींचा नाश करणाऱ्या पेशीही ढिल्या पडतात.

एच.आय.व्ही. नेमका या चावडीवरच्या माणसाला गाठतो. इतर जंतू गड्यांना चुकवून घरे लुटतात. हा थेट चावडीतच शिरतो. आकाराने म्हणाल तर एका मिलिमीटरचे दहा हजार भाग करा, त्यातल्या एका भागापेक्षा हा किंचित मोठा. त्याच्या अंगावरची खुंटी मदतनीस पेशीच्या पृष्ठावरच्या ‘सीडी फोर’ नावाच्या खाचेत चपखल बसते, आणि दार उघडते.

आत गेल्यावर तो जे करतो, ते समजावून घेताना मला आपल्या तलाठ्याच्या दप्तराची आठवण झाली. प्रत्येक पेशीत तिचे मूळ दप्तर असते, त्याला डी.एन.ए. म्हणतात. पेशीने काय बनवायचे, कसे बनवायचे, याच्या साऱ्या नोंदी त्यात. विषाणूची स्वतःची नोंद मात्र आर.एन.ए. या वेगळ्या लिपीत असते. तेव्हा हा पाहुणा येताना आपला कारकूनही बरोबर आणतो. तो कारकून विषाणूची नोंद पेशीच्या लिपीत उतरवून काढतो, आणि ती उतरवलेली नोंद पेशीच्या मूळ दप्तरात घुसडून दिली जाते. झाला फेरफार! सातबाऱ्यावर परक्याचे नाव लागले. यापुढे ती पेशी दप्तरात लिहिले आहे म्हणून इमानेइतबारे विषाणू बनवीत सुटते. उपचार नसलेल्या माणसाच्या शरीरात दररोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू तयार होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. शिवाय हा कारकून मोठा गलथान. नकला करताना सारख्या चुका करतो, त्यामुळे प्रत्येक नक्कल थोडी निराळी उतरते. शरीराने एका चोराचे वर्णन लिहून घ्यावे तो दुसऱ्याने वेष पालटलेला असतो. इतक्या वर्षांत यावर लस हाती आलेली नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

बाहेरून यातले काहीच दिसत नाही. विषाणू शिरल्यावर दोनचार आठवड्यांनी अनेकांना ताप येतो, घसा धरतो, अंगावर पुरळ उठते. चार दिवसांत सारे ओसरते आणि हवापालटाचा ताप म्हणून माणूस विसरून जातो. या दिवसांत रक्तातला विषाणू अतोनात वाढलेला असतो, म्हणजे तो दुसऱ्याला जाण्याचा धोकाही मोठा असतो. आणि नेमकी त्याच वेळी साधी तपासणी कोरी येण्याचा संभव असतो, कारण ती तपासणी प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणूनच अर्जावर ते सगळे खोचक प्रश्न असतात, बरं का. नळीतले रक्त जे सांगू शकत नाही, ते माणसाने सांगावे अशी अपेक्षा असते. त्या दिवसापासून मी मुलांना ‘नाही, नाही’ अशा खुणा भराभर करू देत नाही.

मग शांततेची वर्षे येतात. औषध न घेतल्यास सरासरी आठ-दहा. या काळात शरीर नव्या मदतनीस पेशी बनवीत राहते आणि विषाणू त्या संपवीत राहतो. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. मग तोंडात बुरशी येते, जुलाब थांबत नाहीत, वजन उतरते. आणि आपल्या देशात बहुतेक वेळा पहिला घाला घालतो तो क्षय. एच.आय.व्ही.ने माणूस मरतो असे आपण म्हणतो, पण मारणारे हात इतरांचे असतात. चावडी ओस पडलेली असते, एवढेच.

आता त्या ताट-वाटीकडे येऊ. हा विषाणू माणसाच्या अंगात जितका जबर, तितकाच अंगाबाहेर दुबळा. तो हवेतून उडत नाही, पाण्यातून येत नाही. वाळला की निकामी होतो. दुसऱ्याला जाण्याजोग्या प्रमाणात तो काही थोड्याच द्रवांत असतो: रक्त, वीर्य, योनीमार्गातील व गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध. लाळेत, घामात, अश्रूंत तो पसरण्याजोगा नसतो. म्हणजे वाटा मोजक्याच. संरक्षणाशिवाय केलेला शरीरसंबंध ही सर्वांत मोठी. मग दूषित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई, आणि आईकडून बाळाला, पोटात असताना, जन्मताना किंवा अंगावर पाजताना. बस्स. उष्ट्या पेल्याला यात जागा नाही. एका ताटात जेवणे, एका न्हाणीत अंघोळ, पाठीवर हात, मुका, खोकला, यांतून तो जात नाही. डासाचेही लोक विचारतात. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यालेले रक्त परत ओतत नाही. आणि त्याच्या पोटात हा विषाणू वाढत नाही, पचून जातो. हिवतापाचे जंतू डासात वाढतात, म्हणून हिवताप डासाने येतो.

या वाटाही सारख्या रुंद नाहीत. दूषित रक्त चढवले गेल्यास शंभरांतल्या नव्वदाहून अधिक जणांना लागण होते. उपचार नसलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरी १५ ते ४५. वापरलेली सुई टोचून घेतल्यास दर दहा हजार वेळांमागे सुमारे ६३, आणि बाधित पुरुषाकडून स्त्रीला, कंडोमविना संबंध आल्यास, दर दहा हजार वेळांमागे सुमारे ८. गुदमार्गाच्या संबंधात हाच आकडा शंभराच्या वर जातो. आता ‘आठच ना’ म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये. ही सरासरी आहे. नवी लागण असेल, गुप्तरोगाची जखम असेल, तर धोका कितीतरी वाढतो. आणि संसारात संबंध एकदाच येत नाही. आपल्याकडे कितीतरी बायकांना हा विषाणू नवऱ्याकडून आला, आणि नवरा गेल्यावर त्याचा ठपका मात्र त्यांच्याच माथी बसला. घरोघरी पेला वेगळा ठेवला गेला, आणि कंडोमचा, ज्याला आपण वर्षानुवर्षे निरोध म्हणत आलो त्याचा, उच्चार करायला माणसे लाजली. भीती होती, फक्त ती नको त्या दारावर पहारा देत होती.

असे का झाले असावे? इतिहासाचा माणूस म्हणून मला वाटते, त्या मुलाच्या आईला हा नियम तिच्या आजेसासूकडून आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. माणसे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिली. पटकीच्या साथीत पाणी उकळणारी घरे वाचली. देवीच्या रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवीत. क्षयाच्या माणसाचे भांडे वेगळे. अगदी २०२० साली करोनाने हाच धडा पुन्हा गिरवून घेतला. म्हणजे दूर ठेवणे हा वेडेपणा नव्हता. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने शिकवलेले शहाणपण होते ते. ती माउली दिराला दोन वेळा रांधून घालीत होती, त्याची भांडी घाशीत होती. तिला दुष्ट कोण म्हणेल? नियम जुना आणि खरा होता, रोग मात्र नवा होता.

पण हीच चूक सरकार करते तेव्हा काय होते, ते गोव्याने पाहिले आहे. डॉमिनिक डिसोझा हा म्हापशाकडचा तरुण नेमाने रक्तदान करणारा होता. त्याने दिलेल्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचलले आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या इमारतीत एकटे कोंडून ठेवले. त्या वेळच्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. ६४ दिवस तो तेथे होता. त्याची आई लूसी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठापुढे गेली. न्यायालयाने त्या वर्षाच्या अखेरीस ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिक बाहेर आल्यावर अशाच माणसांसाठी झटला, संस्था उभारली, आणि १९९२ मध्ये वारला. मला त्या इमारतीचे राहून राहून नवल वाटते. आत बसलेला माणूस भिंतीपलीकडच्या कुणालाही त्याच्या श्वासाने हा रोग देऊ शकत नव्हता. त्या चार भिंतींनी एकाही गोवेकराचे रक्षण केले नाही. उलट, पुढे रक्त तपासून घ्यावे की नाही याचा विचार करणाऱ्याला त्या भिंती दिसल्या असतील, आणि तो घरीच बसला असेल.

आणखी एक गोष्ट डॉक्टर स्नेह्याने सांगितली, ती मला फार लागली. म्हणाला, “त्या घरात धोका कुणाला आहे सांग. काकांमुळे पुतणीला नाही. घरात कुणाला क्षयाचा खोकला असेल, तर पुतणीकडून किंवा वहिनीकडून काकांना आहे.” ज्याची चावडी ओस पडत चालली आहे, त्याला आपल्या खोकल्यापासून, आपल्या शिळ्या अन्नापासून, आपल्या गढूळ पाण्यापासून जपायचे. आपण सारी खबरदारी नेमकी उलटी घेत होतो.

औषधांची कथा थोडक्यात सांगतो. पहिले औषध १९८७ साली आले, पण एकटे पुरे पडेना. विषाणू वेष पालटून निसटे. १९९६ पासून तीन-तीन औषधे एकत्र देऊ लागले, तेव्हा मरणाच्या दारातली माणसे उठून कामाला लागली. पण वर्षाचा खर्च दहा-बारा हजार डॉलर! २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली आणि जगभरचा बाजारभाव कोसळला. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून ती फुकट द्यायला आरंभ केला; मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हा मूठभर गोळ्या असत. आता बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते.

ही गोळी विषाणूच्या त्या गलथान कारकुनाचा हात धरते, फेरफार होऊ देत नाही. नव्या पेशींची लागण थांबते, मदतनीस पेशी पुन्हा वाढतात. मात्र आधीच झालेल्या नोंदी काही निद्रिस्त पेशींच्या दप्तरात तशाच राहतात. त्या खोडून काढणारे औषध अजून नाही. म्हणून गोळी जन्मभर घ्यायची. बरे वाटते म्हणून सोडली की त्या नोंदी जाग्या होतात. आणि अधूनमधून घेतली तर औषधाला न जुमानणारा विषाणू तयार होतो.

आणि सर्वांत मोठी बातमी पुढेच आहे. एका जोडीदाराला एच.आय.व्ही. आहे, दुसऱ्याला नाही, अशा १७६३ जोडप्यांना घेऊन नऊ देशांत एक अभ्यास झाला. त्यात आपले पुणे आणि चेन्नई होते. पुण्याचे काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत चालले. २०११ साली निष्कर्ष आला: बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्याला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांनी तर असे दाखवले की, औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जातच नाही. गरोदर स्त्रीने वेळेवर औषध घेतले तर शंभरांतली पंचाण्णवांहून अधिक मुले निर्वेध जन्मतात आणि वाढतात. गोव्याच्या त्या भिंतींना जे जमले नाही, ते एका गोळीला जमले.

कायदाही बदलला. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एच.आय.व्ही. आहे म्हणून नोकरीवरून काढणे, शाळेत न घेणे, घर नाकारणे, वेगळे कोंडून ठेवणे याला आता कायद्याची मनाई आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि कुणाचा आजार परस्पर चारचौघांत सांगता येत नाही. आमच्या कचेऱ्यांत हे कितपत झिरपले आहे, हा वेगळा प्रश्न. २०२१ च्या सरकारी अंदाजाप्रमाणे देशात सुमारे २४ लाख माणसे या विषाणूसह जगत होती, आणि राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, चार लाखांच्या आसपास. म्हणजे तुमच्या ओळखीत असे कुणी नाही असे तुम्हांला वाटत असेल, तर बहुधा त्याने तुम्हांला सांगितलेले नाही.

तो मुलगा गेल्या वर्षी पदवी घेऊन गेला. जाण्यापूर्वी मी त्याला हे सारे सांगितले, कागदावर गावाचे चित्र काढून सांगितले. त्याने ते चित्र घडी घालून खिशात ठेवले. पुढे एकदा बसथांब्यावर भेटला. काका रोज रात्री नऊची गोळी चुकवत नाहीत, म्हणाला. भांड्यांचे विचारले तेव्हा हसला. “आईनं ताट अजून वेगळंच ठेवलंय, सर. पण घासणी एकच झालीय. आणि धाकटी काकांच्याच ताटात जेवायला बसते, कुणी रागावत नाही.”

मग त्याने विचारले, आपण घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावे काय? ताटासाठी मुळीच गरज नाही, मी म्हटले. पण ज्याला स्वतःविषयी मनात शंका असेल त्याने जरूर घ्यावे, आणि गरोदर बाईने तर घ्यावेच. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात समुपदेशन व चाचणी केंद्र असते. चाचणी फुकट होते, निकाल गुप्त ठेवतात, आणि आधी व नंतर कुणीतरी शांतपणे बसून बोलते. नुकतीच शंका येण्याजोगी गोष्ट घडली असेल तर पहिला निकाल कोरा आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा जावे. वापरलेली सुई टोचली, किंवा तसाच काही प्रसंग ओढवला, तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठावे. तेवढ्या वेळात औषध सुरू केल्यास विषाणू बहुधा मूळ धरत नाही, आणि जितके लवकर तितके बरे. कुणाला समोरासमोर विचारायचा संकोच वाटत असेल त्याच्यासाठी १०९७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.